दूरपल्ल्याची निधी-फेरी आणि विषबाधित माजी सैनिक

आमच्या काही देणगीदारांनी आणि जिल्ह्यातील निवृत्त जवानांनी विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. धाराशिवहून बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर या मार्गाने खडकीपर्यंत सायकल फेरी काढावी आणि तीतून जमणारा निधी विषारी द्रव्यांच्या संपर्काने आजारी पडलेल्या माजी सैनिकांसाठी वापरावा, असे त्याचे स्वरूप आहे. मुक्कामासाठी खडकी निवडण्याचे कारण उघड आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन अपंगत्व आलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र 1974 पासून तेथे आहे. मात्र गोळी लागलेला सैनिक जसा चटकन डोळ्यांपुढे येतो, तसा विषबाधित सैनिक येत नाही. म्हणून हा विषय थोडा विस्ताराने मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

अशा फेरीचे अर्थकारण सोपे आहे. स्वार दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे वचन आप्तेष्टांकडून घेतो आणि अंतर पूर्ण केल्यावर ती संस्थेकडे जमा होते. अडचण खर्चाच्या बाजूस असते. समजा, दोन लाख रुपये जमले आणि सोबतचे वाहन, भोजन, टी-शर्ट व फलक यांवर सव्वा लाख गेले, तर रुग्णाच्या वाट्यास पाऊण लाखच येतो. यासाठी फेरीचा खर्च स्वारांनी किंवा स्वतंत्र प्रायोजकाने सोसावा, त्याचे खाते निराळे असावे आणि देणगीची संपूर्ण रक्कम राखीव निधीत जमा व्हावी, अशी आमची पहिली अट आहे. विश्वस्त मंडळाने ती मान्य केली आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. विषबाधित सैनिकांचा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो व्हिएतनाम युद्धानंतर. 1962 ते 1971 या काळात अमेरिकी सैन्याने तेथील जंगलांवर व पिकांवर सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. त्यांतील ‘एजंट ऑरेंज’ हे 2,4-डी आणि 2,4,5-टी यांचे मिश्रण होते, आणि दुसऱ्या घटकात निर्मितीच्या वेळी डायॉक्सिन हे घातक विष मिसळलेले असे. व्हिएतनामी जनतेने त्याचे परिणाम भोगलेच, परंतु घरी परतलेल्या सैनिकांनाही पुढे कर्करोगासारखे आजार जडले. आजार फवारणीमुळेच झाला हे प्रत्येकाने कसे सिद्ध करावे? 1991 च्या कायद्याने हा भार हलका केला. तेथे सेवा केली असेल आणि ठरावीक आजार झाला असेल, तर संबंध गृहीत धरावा, असे ठरले. इराक व अफगाणिस्तानातील तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला जात असे. त्या धुराने बाधित झालेल्यांना असे संरक्षण ऑगस्ट 2022 च्या कायद्याने दिले. तेथील सैनिकांसाठी निघणाऱ्या दूरपल्ल्याच्या फेऱ्यांचा उपयोग पैशाइतकाच विसरलेल्यांची आठवण ठेवण्यासाठी झाला आहे. कॅलिफोर्निया ते वॉशिंग्टन ही मोटारसायकल यात्रा युद्धकैदी व बेपत्ता सैनिकांच्या स्मरणार्थ 1989 मध्ये सुरू झाली.

याचा धाराशिवशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. 2,4-डी हे तणनाशक आजही आपल्याकडे उसात वापरतात. डायॉक्सिनचा मुख्य दोष दुसऱ्या घटकाचा होता हे खरे, तथापि हाताळताना काळजी यालाही हवीच. दुसरे असे की, 1930 च्या दशकात जर्मनीत कीटकनाशकांचा शोध सुरू असतानाच टाबून व सरीन हे युद्धातील विषारी वायू सापडले. आपल्या शिवारातील ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे त्याच कुळातील आहेत. मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबविणारे कोलिनएस्टरेज नावाचे विकर ती निकामी करतात. मग लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास अडतो. अॅट्रोपीन वेळेवर मिळाले तर रुग्ण वाचतो. सैन्यातून निवृत्त झालेला जवान गावी येऊन सोयाबीन, तूर वा द्राक्षबागेवर पाठीवरचा पंप घेतो, तेव्हा विषाशी त्याची गाठ कदाचित पहिल्यांदाच पडत असते. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवरील फवारणीने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले, हे आपण विसरलेलो नाही.

या विषाचा पुरावा टिकत नाही. घटलेले कोलिनएस्टरेज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पूर्ववत होते. दाखल होतानाच रक्त घेतले नाही, तर पुढे कागदावर काहीच उरत नाही. सैनिकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे उद्भवला असे मानावे आणि तसे नसल्याचे दाखविण्याची जबाबदारी सरकारची आहे. 2023 मध्ये पात्रतेचे नवे नियम आले आहेत, तेव्हा अर्जापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करणे इष्ट.

माजी सैनिकांसाठी 2003 पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. त्यामुळे निधीचा मोठा भाग औषधांपेक्षा तपासण्या, प्रवास आणि कागदपत्रे यांवर खर्च व्हावा, असे आमचे मत आहे. रोजंदारीने फवारणी करणाऱ्या मजुरास निवृत्तिवेतन नाही आणि सेवापुस्तकही नाही. त्यालाही या निधीतून साहाय्य व्हावे, असे आम्ही सुचविले. प्रस्तावकांपैकी काहींना ते रुचले नाही. सैनिकांच्या नावाने मागितलेला पैसा सैनिकांवरच खर्च व्हावा, हे त्यांचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने रास्तच आहे. म्हणून ‘माजी सैनिक’ व ‘फवारणीबाधित शेतमजूर’ अशी दोन शीर्षे ठेवण्याचे योजिले आहे. देणगीदाराने आपली रक्कम कोणत्या शीर्षाखाली घ्यावी ते पावतीवर नमूद करावयाचे आहे. एका शीर्षाची रक्कम दुसरीकडे वळविली जाणार नाही. धर्मादाय रुग्णालय म्हणून एकूण देयकांच्या दोन टक्के रकमेचा जो निर्धन रुग्ण निधी आम्हांस ठेवावा लागतो, त्याचा हिशेबही यापासून वेगळा राहील.

रुग्णांच्या नातलगांस विनंती अशी की, फवारणीनंतर अस्वस्थ झालेल्यास आणताना त्याचे भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, मात्र त्यासाठी निघण्यास उशीर करू नये. औषधाची बाटली रिकामी असली तरी वेष्टनासह सोबत आणावी. माजी सैनिक असल्यास त्याचे डिस्चार्ज बुकही आणावे.