बेरियाची वाट

केंटकीच्या डोंगरपायथ्याशी बेरिया म्हणून कारागिरांचे एक लहानसे गाव आहे. तेथल्या एका वृद्ध वाद्यकाराने मला आल्याबरोबर बजावले, "दुकाने मागाहून पाहा, आधी हात चालतात कसे ते पाहा." सल्ला लाखमोलाचा! १८५५ साली स्थापन झालेल्या बेरिया कॉलेजात १८९२ पासून शिकवणीची फी नाही. विद्यार्थी आठवड्यास निदान दहा तास काम करतात. कोणी केरसुण्या बांधतो, कोणी मागावर बसतो.

मग म्हाताऱ्याने आपले डल्सिमर माझ्या मांडीवर ठेवले. एका तारेवर चाल वाजवायची, बाकीच्या तंबोऱ्यासारख्या गुणगुणत राहतात! जुन्या घडणीत पडदे सप्तकाच्या सात स्वरांपुरतेच आणि पक्के बसवलेले. थाट बदलायचा तर तार पुन्हा मिळवायची. वडिलांच्या सतारीवर पडदा सरकवून भागत असे.

निघताना त्याने एक जुनी इमारत दाखविली. चर्चिल दांपत्याने १९२२ साली तेथे हातमाग घातले. त्याआधी चर्चिलसाहेब आपल्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, आणि तेथेच त्यांनी सुधारलेला हातमाग सिद्ध केला होता. बेरियाचा कारखाना २००७ साली बंद पडला.

"नगरला तो माग कोणी चालवतो का?" म्हाताऱ्याने विचारले. मला सांगता येईना.