गोळी सुरू केली, गुण येईना

आठ दिवस गोळ्या घेतल्या, मन तसंच आणि वर मळमळ, डोकेदुखी. मग ‘हे औषध आपल्याला मानवत नाही’ म्हणत पाकीट कपाटात जातं. नैराश्याच्या उपचारातली पहिली फसगत इथेच होते. एस्सिटालोप्राम, सेर्ट्रालीन अशा औषधांचा त्रास बहुधा पहिल्या आठवड्यातच जाणवतो. गुण मात्र दोन-चार आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता अंदाज यायला सहा-आठ आठवडे जातात. हे चिठ्ठी देतानाच सांगायला हवं. गर्दीच्या ओपीडीत नेमकं तेच राहून जातं.

पहिल्या औषधाने भागलं नाही म्हणजे आजार हाताबाहेर गेला, असंही नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ अभ्यासात (२००६) पहिल्या औषधाने पूर्ण आराम पडला तो साधारण तिघांतल्या एकालाच. औषध बदलून किंवा जोड देऊन आणखी काही जण सावरले. कुणाला काय लागू पडेल, हे खात्रीने सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. म्हणून थायरॉइड, दारू, पूर्वी झोपेविना अतिउत्साहात गेलेले दिवस, सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. बायपोलर आजारात नुसती नैराश्याची गोळी माणसाला उन्मादात ढकलू शकते.

‘सवय लागते’ ही भीती सर्वांत चिवट. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही. अचानक थांबवल्या तर मात्र चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनमध्ये जास्तच. त्यामुळे डोस हळूहळू उतरवतात. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, आणि घरोघरी दोन्हींना ‘डोक्याच्या गोळ्या’ हे एकच नाव! बरं वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावं लागतं, नाहीतर आजार उलटण्याचा धोका वाढतो.

एक तक्रार ओठांवर येतच नाही: लैंगिक इच्छा कमी होणं. लाजेपोटी माणूस डॉक्टरांना न सांगता परस्पर गोळी सोडतो. सांगितलं तर डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. हा विषय डॉक्टरांनीच आधी काढावा, असं मला ठामपणे वाटतं.

पंचविशीच्या आतल्या काहींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. त्या काळात घरच्यांनी त्यांना एकटं सोडू नये आणि बेचैनी वाढली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. रात्री-अपरात्री सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.