जुन्या गाडीचा पट्टा बदलावा काय?

आमच्या धाकट्या मेहुण्याने गेल्या वर्षी २००९ सालची सँट्रो घेतली. हौस म्हणून नव्हे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते आणि पहाटे रिक्षावाल्यांची मनधरणी करून तो थकला होता. पंधरा वर्षे भरल्यावर आधीच्या मालकाने आरटीओत नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकने विचारले, "टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" त्याला सांगता येईना. संध्याकाळी आमच्याकडे येऊन म्हणाला, "दाजी, गाडी तर नीट चालते. मग हा खर्च कशाला?"

आम्ही त्याला दोष देत नाही. पगाराला पगार जोडून चालणाऱ्या घरात, चालत्या वस्तूवर पैसे घालायला हात धजत नाही. पण हा पट्टा आवाज करून, सूचना देऊन तुटेलच असे नाही.

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट आणि वर कॅमशाफ्ट असतो. खालचा दोनदा फिरला की वरचा एकदा फिरतो. हा मेळ दातेरी रबरी पट्टा राखतो. तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह आहेत तिथेच थांबतात, पिस्टन मात्र जोरात वर येतो आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड उघडावे लागते. जुन्या गाडीचे एवढे काम निघाले तर पुष्कळदा ती भंगारातच जाते. सर्वच इंजिनांत असे होत नाही. काहींत दोघांमध्ये अंतर राखलेले असते, तिथे गाडी नुसती बंद पडते. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात तर पट्टा नसून साखळी आहे. म्हणून आपल्या गाडीत काय आहे, हे आधी विचारावे.

मेहुणा म्हणाला, "मीटर तर अठ्ठावन्न हजारच दाखवतो." आमची हयात हिशेब तपासण्यात गेली, पावतीविना आकडा आम्ही धरत नाही. शिवाय रबर किलोमीटरने झिजते तसे वयानेही वाळते. त्यावर तेल गळले तर आणखी लवकर जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे, दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरावे. बदलल्याची नोंद नसेल तर बदललाच नाही असे समजावे. सहा महिन्यांत गाडी काढायचीच असेल, तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगून विकावी. आणखी चार वर्षे वापरायची असेल तर टाळाटाळ नको. सोबत टेन्शनरही बदलावा. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही पाहून घ्यावा, म्हणजे मजुरी दोनदा जात नाही.

डायलिसिस नसलेला दिवस पाहून मेहुण्याने काम करून घेतले. तारीख आणि मीटरचा आकडा बिलावर लिहवून घेतला, जुना पट्टा मागून घरी आणला. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "चांगला तर होता की रे!"