कामठीच्या नकाशावरून जगाकडे

डिजिटल नकाशावरच्या प्रत्येक बिंदूशी दोन गोष्टी जोडलेल्या असतात: त्याचे पृथ्वीवरचे नेमके स्थान आणि त्या स्थानाविषयीची माहिती. विहिरीच्या बिंदूमागे पाण्याची खोली असते, गावाच्या सीमेमागे लोकसंख्या आणि नदीच्या रेषेमागे प्रवाहाची दिशा. एका विषयाची अशी माहिती एका थरात ठेवली जाते. खडकांचा एक थर, नद्यांचा दुसरा, वस्त्यांचा तिसरा. हे थर एकावर एक ठेवले की तक्त्यांत विखुरलेले संबंध डोळ्यांसमोर येतात. या तंत्राला भौगोलिक माहिती प्रणाली किंवा जीआयएस म्हणतात. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात जमिनीच्या नोंदींसाठी अशी पहिली मोठी संगणकीय प्रणाली उभी केली.

नकाशावर दिसणाऱ्या रचनेवरून कारणापर्यंत पोहोचण्याची पद्धत मात्र संगणकापेक्षा जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली. ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली दिसली. घरोघरी केलेल्या चौकशीतून कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, या त्यांच्या मताला बळ मिळाले. घटना कुठे घडते, तिथे आणखी काय आहे आणि दोहोंत संबंध आहे का, हेच प्रश्न आज हवामानबदल, प्रदूषण, साथी आणि स्थलांतर यांच्या अभ्यासात विचारले जातात.

नागपूरच्या ईशान्येला कन्हान नदीकाठी वसलेले कामठी हे शहर अशा अभ्यासासाठी फार बोलके आहे. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी उभारली. आज शहराच्या आसपास कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्रे, नद्यांचा संगम, सुपीक शेते आणि नागपूरच्या दिशेने वाढणारी वस्ती एवढे सगळे थोड्या अंतरात सापडते. यांतला एकेक थर उघडत गेले, की कामठीचे नाते थेट दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाशी जुळते.

पहिला थर : खडक

भूगर्भशास्त्रात कामठीचे नाव एका खडकसमूहाला मिळाले आहे. ‘कामठी फॉर्मेशन’ या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म विदर्भात आणि त्याच्या आग्नेयेला गोदावरीच्या खोऱ्यात आढळतो. कामठी कोळसाक्षेत्रात दगडी कोळसा असलेले बराकर थर या वालुकाश्माच्या खाली दडलेले आहेत.

नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या परिसरातले वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाची जिभेच्या आकाराची पाने होती. हीच पाने दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका येथेही मिळाली आहेत. मध्ये महासागर पसरलेले असताना एकच झाड इतक्या दूर कसे, हा प्रश्न जगाच्या नकाशाने उभा केला. भूगर्भशास्त्रज्ञ एडवर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये या भूभागांना ‘गोंडवानालँड’ हे नाव दिले. मूळ शब्द मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशाचा. खंड सरकतात, ही आल्फ्रेड वेगेनर यांची १९१२ मधली मांडणीही अशा पुराव्यांवर उभी होती. १९६५ मध्ये एडवर्ड बुलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे खंड संगणकाच्या साहाय्याने जुळवून दाखवले. आज ‘जीप्लेट्स’सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कोणताही विद्यार्थी खंडांना कोट्यवधी वर्षे मागे नेऊ शकतो.

त्या काळात नेल्यावर कामठी, दक्षिण आफ्रिकेतला म्पुमलांगा प्रांत आणि ऑस्ट्रेलियातले हंटर खोरे हे एकाच महाखंडाचे भाग दिसतात. सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी तिथल्या दलदलींत साचलेल्या वनस्पतींचा कोळसा झाला आणि तोच आज या तिन्ही ठिकाणी खणला जातो.

दुसरा थर : वीज आणि हवा

कोळसा जड असतो. तो दूर नेण्यापेक्षा खाणीजवळ जाळून वीज तारांतून पाठवणे स्वस्त पडते. त्यामुळे खाणींच्या थरावर वीज केंद्रांचा थर ठेवला, की दोन्ही बऱ्याच अंशी जुळतात. कामठी तालुक्यात कोराडी येथे प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. जवळच खापरखेडा येथे १३४० मेगावॅट क्षमतेचे दुसरे केंद्र आहे.

यावर हवेचा थर चढवता येतो. उपग्रहावरची उपकरणे वातावरणातून परतणारा सूर्यप्रकाश मोजतात. कोणता वायू प्रकाशाचा कोणता भाग शोषतो हे ठाऊक असल्याने, त्यावरून त्या वायूचे प्रमाण काढता येते. नासाच्या उपग्रहावरील ‘ओएमआय’ या उपकरणाच्या नोंदींवरून ग्रीनपीसने २०१९ मध्ये सल्फर डायऑक्साइडच्या जगातल्या मोठ्या स्रोतांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात भारतातील सिंगरौली, नेयवेली, तालचेर, झारसुगुडा, कोरबा, कच्छ, चेन्नई, रामागुंडम, चंद्रपूर आणि कोराडी ही नावे होती. याच नकाशावर म्पुमलांगाही ठळक होते.

या दहा नावांकडे नुसती यादी म्हणून पाहिले तर फारसे काही हाती लागत नाही. खडकांच्या नकाशावर ठेवताच त्यांची विभागणी होते. सिंगरौली, तालचेर, झारसुगुडा, कोरबा, रामागुंडम, चंद्रपूर आणि कोराडी ही सात ठिकाणे गोंडवाना काळातल्या कोळशाच्या पट्ट्यांवर किंवा त्यांच्या लगत आहेत. उरलेल्या तिघांची कारणे वेगळी आहेत: नेयवेलीत बऱ्याच अलीकडच्या काळातला लिग्नाइट जळतो, कच्छमध्ये लिग्नाइट आहे आणि बंदरातून येणारा कोळसाही, चेन्नईला कोळसा समुद्रमार्गे मिळतो. नियम सातांनी दाखवला आणि तिघांनी त्याची मर्यादा.

तिसरा थर : राख आणि पाणी

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण सर्वसाधारणपणे ३० ते ४५ टक्के असते. ही राख सिमेंट आणि विटांसाठी वापरली जाते. उरलेली पाण्यात कालवून, नळांतून मोठ्या तलावांत सोडली जाते. तलावाभोवती बंधारा असतो. जुलै २०२२ मध्ये जोरदार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी कामठी तालुक्यातल्या शेतांत आणि नाल्यांत शिरले.

अशा घटनेचा नकाशा करताना पहिली अडचण पावसाळ्याचीच असते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे १० मीटरपर्यंत बारकावा दाखवतात, पण ढगांतून त्यांना काही दिसत नाही. तिथे सेंटिनेल-१ चे रडार उपयोगी पडते. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात आणि पाण्याचा पसारा टिपतात. ढग सरल्यावर घेतलेल्या चित्रांत पिके आणि राख वेगळी ओळखू येतात, कारण हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतात आणि राखेने झाकलेली जमीन तसे करत नाही. घटनेआधीचे आणि नंतरचे चित्र ताडून राखेखाली गेलेले क्षेत्र आखता येते. त्यावर गट नंबरांचा नकाशा ठेवला, तर कोणत्या शेतकऱ्याचे किती क्षेत्र बाधित झाले हे कळते आणि पंचनाम्याला भक्कम आधार मिळतो.

यानंतर प्रवाहाचा थर पाहावा लागतो. कामठीजवळ बीना येथे कन्हान, पेंच आणि कोलार या नद्यांचा संगम आहे. कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते आणि तिचे पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. शहरांचा पाणीपुरवठाही या नदीवर अवलंबून आहे. उंचसखलपणाच्या डिजिटल नकाशावरून कोणत्या तलावातले पाणी कोणत्या नाल्याने कुठे जाईल, हे दुर्घटनेच्या आधीच काढता येते. डिजिटल नकाशाचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे. धोका आधी दिसला तर बंधारा वेळेवर मजबूत करता येतो आणि खालच्या गावांना सावध करता येते.

इथेही जगाशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथे २२ डिसेंबर २००८ रोजी राखेचा बंधारा फुटून सुमारे ४१ लाख घनमीटर राखेचा गाळ वाहून गेला. सिंगरौली परिसरात २०१९ आणि एप्रिल २०२० मध्ये असे बंधारे फुटले. ही सगळी ठिकाणे एका नकाशावर तारखांसह मांडली, की पावसाळा हेच एकमेव कारण असल्याचा समज टिकत नाही. एप्रिल आणि डिसेंबरमध्येही बंधारे फुटलेले आहेत. मग तलाव किती भरला होता, बंधारा कसा बांधला होता, त्याची देखभाल कशी होती, याकडे लक्ष वळते.

नकाशा कुठे फसवतो

स्पष्ट दिसणारा नकाशा खराच असेल असे नाही. पहिली मर्यादा बारकाव्याची. सेंटिनेल-५पी उपग्रहाच्या वायुनकाशात एक चौकट काही किलोमीटर लांबरुंद असते. त्यावरून कोराडी आणि कामठी परिसराचा अंदाज येतो, एका मोहल्ल्याचा येत नाही. शिवाय हा उपग्रह जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या स्तंभातला वायू मोजतो, तोही दिवसातून साधारण एकदा, दुपारी. माणसे श्वासात घेतात ती हवा मोजायला जमिनीवरचे केंद्रच लागते.

दुसरी मर्यादा सरासरीची. आकडे तालुक्यानुसार रंगवले तर खसाळ्याचे दुःख संपूर्ण तालुक्याच्या सरासरीत विरून जाते. सीमा बदलली की रंग बदलतात. तिसरी मर्यादा अनुमानाची. दोन थर जुळले म्हणजे एकाने दुसरे घडवले असे सिद्ध होत नाही. वीज केंद्राजवळ श्वसनाचे विकार अधिक दिसले, तर वाहनांचा धूर, चुली आणि लोकांचे व्यवसायही तपासावे लागतात. स्नो यांनी घरोघरी चौकशी केली ती याचसाठी. चौथी मर्यादा गाळलेल्या गोष्टींची. ज्या वस्तीत मोजणी झालीच नाही, ती नकाशावर कोरी राहते आणि कोरी जागा निर्धोक वाटू लागते.

साधने आणि माणसे

या कामासाठी लागणाऱ्या संस्था कामठीच्या शेजारीच आहेत. मातीच्या सर्वेक्षणाचे राष्ट्रीय ब्यूरो नागपुरात आहे आणि देशाच्या मृदा नकाशांचे काम तिथून चालते. पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था ‘नीरी’ ही नागपूरचीच. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ मध्ये येथे सुरू झाले. त्याच वर्षी १७ मार्चला प्रायोगिक टप्प्यानंतरचा भारताचा पहिला कार्यात्मक दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए अवकाशात गेला.

सामान्य वाचकालाही दारे उघडी आहेत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून मोफत मिळतात. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही आपल्या गावचा रस्ता किंवा विहीर नोंदवू शकतो. नकाशे तयार करण्यावरचे अनेक निर्बंध केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये सैल केले. त्यामुळे शाळा, महाविद्यालये आणि ग्रामपंचायतींना हे काम हाती घेणे सोपे झाले आहे.

सुरुवात एका नेमक्या प्रश्नापासून करावी. उदाहरणार्थ, राखेच्या तलावापासून २ किलोमीटरच्या आत पिण्याच्या पाण्याच्या विहिरी किती? प्रथम तलावाची सीमा उपग्रहचित्रावरून आखावी, मग विहिरींची स्थाने मोबाइलवर नोंदवावीत, अंतराचे वर्तुळ काढावे आणि आतल्या विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. निकाल पुन्हा त्याच नकाशावर, तारखेसह चढवावा. दरवर्षी हे केले तर बदल मोजता येतो. दुसऱ्या देशातल्या अशाच गावाने त्याच पद्धतीने नोंदी ठेवल्या, तर दोघांची तुलना होऊ शकते. कोळसा, हवा आणि पाणी यांचे जागतिक प्रश्न अशा काळजीपूर्वक ठेवलेल्या गावपातळीवरच्या नोंदींतूनच अचूक समजतात आणि त्यांवरचे उपायही त्याच नोंदींच्या आधारे ठरवावे लागतात.