दवाखान्यातली सोबत

मंडळी, तुमच्या गावात अशी एखादी आजी असणारच. मुलगा मुंबईकडे, लेकी सासरी, घरात दुसरं माणूस नाही. तालुक्याला जायची तिला अडचण नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ सालापासून आपल्या राज्यात एस.टी.चा प्रवास फुकट आहे. अडचण सुरू होते ती दवाखान्याच्या दारात. केसपेपर कुठल्या खिडकीवर, रक्त कुठे द्यायचं, आणि डॉक्टर भराभर बोलले त्यातलं ऐकू आलं किती? घरी आल्यावर विचारा, “काय म्हणाले?” उत्तर ठरलेलं: “गोळ्या दिल्या.”

आता समजा, तिच्या पिशवीत खाजगी डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी आधीच आहे. सरकारी दवाखान्यातूनही तीच मिळते, पण पाकीट निराळं, रंग निराळा. आजी दोन्ही घेते. रक्तदाब फार उतरतो, पहाटे उठताना भोवळ येते, आणि खुब्याचं हाड मोडतं. त्या वयात मोडलेला खुबा म्हणजे कित्येकदा कायमचं अंथरूण.

हे टाळायला डॉक्टरी विद्या लागत नाही; सोबतीला एक माणूस लागतं. आशाताई आहेत की, असं म्हणाल. पण त्यांच्या डोक्यावर आधीच कामं काय कमी आहेत? निवृत्त गुरुजी, कॉलेजात जाणारी मुलगी, कुणीही हे करू शकेल.

आदल्या दिवशी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. डोळ्यांचे थेंब आणि वैद्यांचं चूर्णसुद्धा. काय विचारायचंय ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. लघवीचा त्रास, मध्येच पडणं, या गोष्टी म्हातारी माणसं लाजेनं सांगत नाहीत. आणि “मी आत येऊ का?” हे आधी विचारा. नको म्हणाली तर बाहेर बाकावर बसा. आत गेलात तर तिच्या मागे बसा, पुढे नाही. डॉक्टर तुमच्याशीच बोलू लागले तर मान आजीकडे वळवा. सोबत्यानं तिच्या वतीनं निर्णय घ्यायचा नाही, तिच्याऐवजी सहीही करायची नाही. आत कळलेलं पारावर सांगायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

ऐकू कमी येतं म्हणून ओरडू नका. उतारवयात बहुधा बारीक, उंच स्वर आधी जातात. ‘स’, ‘फ’ असे उच्चार निसटतात. ओरडल्यानं आवाज वाढतो, शब्द मात्र फाटतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, जाड आवाजात सावकाश बोला.

बाहेर आल्यावर म्हणा, “आजी, मला नीट कळलं का बघू, कुठली गोळी कधी घ्यायची ते तुम्हीच सांगा बरं.” शिक्षकांना ही युक्ती ठाऊकच आहे! चुकलं तर दोष आपल्या सांगण्याचा समजायचा. दोन पाकिटांवर औषधाचं मूळ नाव एकच दिसलं, तर तिथल्या तिथं परत फिरून विचारायचं.

कुणीच नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा सरकारी दूरध्वनी आहे; फोन फुकट लागतो.

घरी पोचल्यावर पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या अक्षरांत लिहा, आणि त्या दिवशीची एस.टी. किती वाजता तेही.