कूलर, हीटर आणि १५० युनिटांची मर्यादा: जबलपूरच्या घरगुती वीज ग्राहकांसाठी माहिती

मध्य प्रदेशात घरगुती वीज ग्राहकांना अटल गृह ज्योती योजनेतून बिलात सवलत मिळते. ही सवलत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वीज वापरणाऱ्या घरांसाठी आहे. वर्षातील बरेच महिने लहान कुटुंब या मर्यादेत राहते. एप्रिलमध्ये कूलर किंवा डिसेंबरमध्ये हीटर सुरू झाला की वापर मर्यादेपलीकडे जातो आणि त्या महिन्याची सवलत बंद होते. खोली थंड, गरम किंवा दमट करणारी कोणती उपकरणे किती वीज घेतात, मर्यादेत राहून ती कशी वापरावीत आणि मर्यादेत राहणे शक्य नसेल तर कोणती योजना उपयोगी पडते, याची माहिती या लेखात दिली आहे.

योजना काय आहे?

ही योजना २०१९ मध्ये इंदिरा गृह ज्योती योजना या नावाने सुरू झाली. आता ती अटल गृह ज्योती योजना म्हणून ओळखली जाते. योजनेचे मुख्य मुद्दे असे:

- लाभ फक्त घरगुती जोडणीला मिळतो. दुकान किंवा कार्यालयाच्या जोडणीला तो लागू नाही.
- पहिल्या १०० युनिटांसाठी ग्राहकाला जास्तीत जास्त ₹१०० द्यावे लागतात. उरलेली रक्कम राज्य शासन वितरण कंपनीला अनुदान म्हणून देते.
- १०१ ते १५० युनिटांचे पैसे मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने भरावे लागतात.
- वापर १५० युनिटांच्या पुढे गेला तर त्या महिन्याचे संपूर्ण बिल नेहमीच्या दराने येते. पहिल्या १०० युनिटांवरील सवलतही मिळत नाही.
- वेगळा अर्ज करावा लागत नाही. वापर मर्यादेत असेल तर सवलत बिलातच वजा होऊन येते.

१५० युनिटांची मर्यादा ३० दिवसांसाठी, म्हणजे दिवसाला सरासरी ५ युनिट अशी आहे. मीटरचे रीडिंग दोन-तीन दिवस उशिरा झाले तरी हिशेब दिवसांच्या प्रमाणात होतो. त्यामुळे महिन्याच्या एकूण आकड्यापेक्षा दिवसाचे ५ युनिट लक्षात ठेवणे सोपे जाते.

जबलपूरमधील बिल हिंदीत असते. त्यावरील ‘खपत’ म्हणजे आपण वापरलेली वीज आणि ‘सब्सिडी’ म्हणजे शासनाने भरलेली रक्कम. बिल हाती आल्यावर हे दोन आकडे आधी पाहावेत.

युनिट कसे मोजावे?

१००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. उपकरणावरील वॅटचा आकडा गुणिले वापराचे तास, भागिले १००० केले की युनिट मिळतात. वॅटचा आकडा उपकरणाच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो.

उन्हाळ्यातील उदाहरण म्हणून दोन खोल्यांचे एक घर घेऊ. ७५ वॅटचे दोन छताचे पंखे रोज १२ तास चालतात, त्याचे १.८ युनिट होतात. फ्रिजला सुमारे १ युनिट लागते. दिवे, टीव्ही, मोबाइल चार्जिंग आणि किरकोळ वापराचे १ युनिट धरू. रोजचा वापर ३.८ युनिट, म्हणजे महिन्याला ११४ युनिट होतो. हे घर योजनेत बसते.

आता १८० वॅटचा कूलर रोज १० तास चालवला तर त्याचे १.८ युनिट वाढतात. रोजचा वापर ५.६ आणि महिन्याचा १६८ युनिट होतो, म्हणजे मर्यादेपेक्षा १८ युनिट जास्त. तरीही बिल फक्त त्या १८ युनिटांनी वाढत नाही, कारण आधीच्या १०० युनिटांवरील सवलतही जाते.

कूलर बंद न करता मर्यादेत कसे राहावे?

जबलपूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. घरात लहान मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे असतील तर बिलासाठी कूलर बंद ठेवणे योग्य नाही. वरील घराला पुढीलपैकी कोणताही एक उपाय पुरतो:

१. कूलर सुरू असताना त्याच खोलीतील छताचा पंखा बंद ठेवणे. ७५ वॅटचा पंखा १० तास बंद राहिला की ०.७५ युनिट वाचते. महिन्याचा वापर सुमारे १४६ युनिटांवर येतो. यासाठी काहीच खर्च नाही.

२. जुने पंखे बदलून सुमारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे लावणे. दोन पंख्यांमागे रोज एक युनिटाहून थोडी जास्त वीज वाचते आणि वापर सुमारे १३६ युनिटांवर येतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे स्टार लेबल सक्तीचे आहे. जास्त स्टार म्हणजे कमी वीज.

३. कूलरचा वापर दुपारच्या आणि रात्रीच्या सर्वांत उष्ण ६ तासांपुरता ठेवणे. वापर सुमारे १४६ युनिट राहतो.

आपल्या घराचा आकडा वेगळा असेल. त्यासाठी सलग तीन दिवस एकाच वेळी मीटरवरील युनिटांचा आकडा लिहून ठेवावा. रोजचा फरक ५ पेक्षा जास्त येत असेल तर महिना संपायची वाट न पाहता उपाय करावा.

कूलर कधी काम करतो, कधी नाही?

कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा थंड करतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी उष्णता द्यायला १००० वॅटच्या हीटरला सुमारे ४० मिनिटे लागतील. कूलरला वीज मात्र फक्त पंखा आणि पाण्याचा छोटा पंप चालवण्यापुरती लागते. पूर्वी खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी शिंपडत. त्यामागचे तत्त्व हेच होते.

हे काम कोरड्या हवेतच होते. एप्रिल, मे आणि पाऊस येईपर्यंतच्या जून महिन्यात जबलपूरची हवा कोरडी असते, तेव्हा कूलर चांगला चालतो. पाऊस सुरू झाला की हवेत आधीच ओलावा असतो, बाष्पीभवन मंदावते आणि खोलीत चिकचिक वाढते. अशा वेळी पंप बंद करून फक्त कूलरचा पंखा चालवावा.

कूलर खिडकीत किंवा खिडकीलगत ठेवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा आत घेतो. समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवावी. बंद खोलीत कूलर तीच दमट हवा फिरवत राहतो.

चाकांचा एसी आणि ‘मिनी एसी’

चाकांवर सरकवता येणारा एसी हा खरा एसी असतो. त्याची गरम हवा बाहेर सोडणारी नळी खिडकीबाहेर काढावी लागते. ती खोलीतच राहिली तर खोली थंड होत नाही. सुमारे एक टनाचा असा एसी चालू असताना साधारण एक किलोवॅट किंवा त्याहून अधिक वीज घेतो. पाच-सहा तासांत दिवसाचे ५ युनिट त्यालाच लागतात. एसी घेणाऱ्या घराने १५० युनिटांची सवलत त्या महिन्यांत मिळणार नाही, असे धरून चालावे.

टेबलावर मावणारी, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी ‘मिनी एसी’ नावाची उपकरणे प्रत्यक्षात छोटे पाण्याचे पंखे असतात. समोर बसलेल्या एका माणसाला थोडा गारवा मिळतो, खोली थंड होत नाही. खरेदीपूर्वी वॅटचा आकडा आणि उपकरणात कॉम्प्रेसर आहे का, हे पाहावे.

हिवाळा: हीटर आणि ह्युमिडिफायर

हीटर कूलरच्या कित्येक पट वीज घेतो. हिवाळ्यात पंखे बंद असतात, म्हणून वरील घराचा रोजचा वापर सुमारे २ युनिट राहतो. २००० वॅटचा ब्लोअर रोज दोन तास चालवला तर ४ युनिट वाढतात आणि घर मर्यादेबाहेर जाते. तोच ब्लोअर १००० वॅटच्या खटक्यावर दोन तास चालवला तर रोजचा वापर ४ युनिट राहतो. पाणी तापवायला १५०० वॅटचा रॉड २० मिनिटे लावला तर त्यात अर्धे युनिट मिळवावे.

रॉडचा हीटर, ब्लोअर आणि तेलाचा हीटर हे तिन्ही एका युनिटातून सारखीच उष्णता देतात. फरक ती उष्णता कशी पसरते एवढाच आहे. त्यामुळे ‘कमी विजेत जास्त ऊब’ या जाहिरातीवर जाऊ नये. दारांच्या फटी बंद करणे आणि लहान खोलीत एकत्र बसणे यानेच खरी बचत होते. मात्र हवा येण्याची थोडी वाट ठेवावी. विजेची बचत म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

हीटरमुळे हवा कोरडी वाटते, घसा आणि नाक सुकते. यासाठीचा घरगुती ह्युमिडिफायर साधारण २५ ते ३० वॅटचा असतो, त्यामुळे बिलावर फारसा परिणाम होत नाही. त्यात गाळून उकळलेले पाणी वापरावे आणि टाकी रोज रिकामी करून पुसावी. भिंतींना ओल येत असेल तर तो बंद ठेवावा.

सुरक्षितता

- रूम हीटरवर आयएसआय चिन्ह असणे कायद्याने बंधनकारक आहे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो.
- लोखंडी कूलरला अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग लावावा. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा. ओल्या हाताने किंवा अनवाणी कूलरला हात लावू नये.
- घराच्या मुख्य वीज पेटीत ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी बसवून घ्यावे. वीज गळती होताच ते पुरवठा तोडते.
- कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो.

वापर नेहमीच १५० युनिटांच्या वर असेल तर?

मोठे कुटुंब, भाडेकरू किंवा एसी असलेल्या घराने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेचा विचार करावा. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना सुरू केली. छतावर सौर संच बसवण्यासाठी मिळणारे केंद्रीय अनुदान असे आहे:

- १ किलोवॅटसाठी ₹३०,०००
- २ किलोवॅटसाठी ₹६०,०००
- ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी एकूण ₹७८,०००

एक किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज तयार करतो. उन्हाळ्यात कूलर आणि एसी सर्वाधिक चालतात, तेव्हाच ऊनही भरपूर असते. पावसाळ्यात निर्मिती कमी होते.

पात्रतेसाठी स्वतःचे योग्य छत आणि चालू वीज जोडणी हवी. पूर्वी सौर पॅनेलसाठी अनुदान घेतलेले नसावे. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा. त्यासाठी वीज बिलावरील ग्राहक क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील लागतो. वितरण कंपनीची मंजुरी आल्यावर नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच संच बसवावा. नेट मीटर बसून तपासणी पूर्ण झाली की अनुदान थेट बँक खात्यात जमा होते.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका महिन्यात मर्यादा ओलांडली तर सवलत कायमची जाते का?
नाही. पुढील महिन्यात वापर पुन्हा मर्यादेत आला की सवलत पुन्हा मिळते.

आम्ही भाड्याने राहतो. लाभ मिळेल का?
सवलत जोडणीवर मिळते. आपल्या खोलीला स्वतंत्र घरगुती मीटर असेल तर त्या मीटरच्या वापरावर हिशेब होतो. एकाच मीटरवर दोन-तीन कुटुंबे असतील तर सर्वांचा वापर एकत्र मोजला जातो आणि मर्यादा लवकर ओलांडली जाते.

वापर १५० युनिटांच्या आत असूनही सवलत दिसत नाही. काय करावे?
आधी बिलावरील रीडिंग आणि मीटरवरील रीडिंग जुळते का ते पाहावे. रीडिंग अंदाजाने टाकलेले असेल तर मीटरचे छायाचित्र घेऊन १९१२ या क्रमांकावर किंवा मध्य प्रदेश पूर्व क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या जवळच्या कार्यालयात तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तिथे निराकरण न झाल्यास वीज ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते.

सदोष कूलर किंवा हीटर दुकानदार बदलून देत नाही. तक्रार कुठे करावी?
पक्के बिल आणि वॉरंटी कार्डासह राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी.

योजनांचे दर आणि अटी शासनाच्या आदेशानुसार बदलतात. खरेदी किंवा अर्ज करण्यापूर्वी वितरण कंपनीकडून चालू नियमांची खात्री करून घ्यावी.