ताईचा रविवार आणि खाऱ्या तळ्यावरचे पाहुणे

आमची थोरली बहीण सायप्रसला एका म्हाताऱ्या बाईंच्या सेवेला असते. त्यांना उठवणे, बसवणे, औषधपाणी, स्वयंपाक, धुणे असे सहा दिवसांचे काम. रविवार तेवढा तिचा. "रविवारी काय करतेस?" असे आम्ही एकदा फोनवर विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तळ्यावर जाते. पक्षी मोजते." आम्हाला हसू आले. गावाकडे ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलण्यात जिचे लहानपण गेले, ती परमुलखात जाऊन पाखरे मोजते! पुढे एका जानेवारीत तिच्याकडे दहा दिवस राहण्याचा योग आला. दोन रविवार तिच्याबरोबर हिंडलो आणि ते हसू आम्ही मुकाट्याने मागे घेतले.

सायप्रस हे भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचे बेट. आकाराने आपल्या नागपूर जिल्ह्यापेक्षा थोडे लहानच. १९६० पर्यंत तेथे इंग्रजांचे राज्य होते आणि १९७४ पासून बेटाचे दोन तुकडे झालेले आहेत. ताई राहते ते लार्नाका शहर दक्षिणेकडील भागात, समुद्राकाठी आहे. आपल्यापेक्षा तेथील ऋतूंचे गणित उलटे. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही. पाऊस पडतो तो हिवाळ्यात. शहरात एक स्वेटर पुरतो, पण मधल्या त्रूदोस डोंगरावर त्याच दिवसांत बर्फ पडलेले असते.

या उलट्या गणितावरच तेथील पक्ष्यांची सारी मांडणी उभी आहे. लार्नाका शहराला लागून एक मोठे खारे तळे आहे. उन्हाळ्यात ते पार आटते आणि तळावर मिठाचा पांढरा थर चढतो. शेकडो वर्षे लोकांनी हे मीठ खरवडून गाढवांच्या पाठीवर लादून नेले. १९८० च्या दशकात ते काम थांबले. भांडुप-उरणची मिठागरे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मीठ गोळा करणाऱ्याच्या हातापायांचे काय होते, तेही नको. हिवाळ्याचा पाऊस पडला की याच तळ्यात फूट-दीड फूट पाणी साचते आणि त्यात बारीक बारीक खारकोळंबी जन्म घेते. ती खायला हजारोंच्या संख्येने रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, येऊन उतरतात. साधारण नोव्हेंबरात येतात, मार्चपर्यंत राहतात.

पहिल्या रविवारी सकाळी ताईने पोळी-भाजी फडक्यात बांधून घेतली आणि आम्ही पायीच निघालो. तिकीट नाही, फाटक नाही. तळ्याच्या काठाकाठाने पायवाट आहे. एका बाजूला अठराव्या शतकातील पाणी आणण्याच्या जुन्या कमानी दिसतात, तर पलीकडच्या काठावर खजुरीच्या झाडांत हाला सुलतान तेक्के ही प्रसिद्ध मशीद आणि दर्गा. मागे विमानतळ. विमान डोक्यावरून घरघरत गेले तरी पक्षी मान वर करीत नव्हते. आम्हीच दचकत होतो.

लांबून आम्हाला वाटले, पाण्यावर कोणी गुलाबी लुगडे वाळत घातले आहे. जवळ गेल्यावर त्या लुगड्याला पाय फुटले! रोहित पक्षी चोच उलटी करून पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढून बाहेर टाकतो, आणि चोचीच्या कडेला असलेल्या चाळणीत कोळंबी अडकते. आपण पिठाला चाळण लावतो, तसेच. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लू जन्मते ते करड्या रंगाचे. ताईने आम्हाला थव्यातली मळकट रंगाची पोरे वेगळी करून दाखवली. ती म्हणाली, "यांचा पहिलाच परदेश आहे." एवढे बोलून तिने दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. आम्हीही पुढे काही विचारले नाही.

आपल्याकडे शिवडी आणि ठाण्याच्या खाडीत येतात त्या थव्यांत छोटे रोहित अधिक असतात. सायप्रसचा तो मोठा रोहित. पण तोही आपल्याला परका नाही. भिगवणला उजनीच्या पाण्यावर तो हिवाळ्यात दिसतोच. काही पक्ष्यांच्या पायांत अक्षरे कोरलेली प्लॅस्टिकची कडी असतात. पक्षी कोठे जन्मला, हे त्यावरून कळते. इराणमधील उर्मिया सरोवरात कडी घातलेले रोहित सायप्रसमध्येही आढळले आहेत आणि भारतातही. एकाच सरोवरात वाढलेली पाखरे. कोणी पश्चिमेला गेले, कोणी आपल्याकडे आले.

मोठ्या पक्ष्यांपायी लहानांकडे दुर्लक्ष होऊ नये, असा ताईचा दंडक आहे. तारेवर बसलेला गप्पीदास, दगडावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा, काठाने तुरुतुरु पळणारा धोबी ही सगळी मंडळी तिने ओळीने दाखवली. "हा थिरथिरा आपल्या घरामागे यायचा बघ, शेणीच्या उडव्यावर," ती म्हणाली. खरेच, थिरथिरा आपल्याकडेही हिवाळ्यातच येतो. झुडपांतून एक चकोरही निघाला. कवितेत चांदणे पिणारा चकोर तेथे काटेकुटे तुडवीत दाणे टिपत होता. इंग्रजांनी या पक्ष्याचे नाव आपल्याकडच्या 'चकोर' शब्दावरूनच घेतले. सायप्रसमध्ये तो शिकारीचा पक्षी आहे. हिवाळ्यात बुधवारी आणि रविवारी शिकारीची परवानगी असते, म्हणून माळरानात जायचे असेल तर पक्षी पाहणारे हे दोन वार टाळतात. पण ताईला सुट्टी रविवारचीच! म्हणून ती शिकारबंदी असलेल्या तळ्याकाठीच राहते. लांबून बंदुकीचे बार ऐकू येत होते.

या बारांचा तळ्याशी काही संबंध नाही असे आम्हाला वाटले होते. ते खरे नाही. तळ्याच्या उत्तर भागाजवळ पूर्वी नेमबाजीचे मैदान होते. ते केव्हाच बंद झाले, पण त्या काळी उडालेले शिशाचे छर्रे चिखलात तसेच पडून राहिले. रोहित पक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतो, त्यात हे छर्रेही पोटात जातात आणि शिसे अंगात भिनते. २०२० च्या पहिल्या दोन महिन्यांत तेथे ९६ रोहित मेलेले आढळले. पाणथळ जागी शिशाचे छर्रे वापरण्यास युरोपीय संघात फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आहे. पण चिखलात आधीच पडलेल्यांचे काय? बंदी कागदावर लगेच लागू होते, चिखलाला ती कळायला फार वर्षे लागतात.

दुसऱ्या रविवारी आम्ही लिमासोलला बसने गेलो आणि तेथून पुढे अक्रोतिरीच्या तळ्यावर. ही जागा मोठी चमत्कारिक. सायप्रस १९६० मध्ये स्वतंत्र झाले, पण इंग्रजांनी अक्रोतिरी आणि धेकेलिया हे दोन लष्करी तळ आपल्याकडेच ठेवले. बेटाची सुमारे तीन टक्के जमीन आजही त्यांच्या ताब्यात आहे. अक्रोतिरीचे तळे त्या हद्दीत येते. गावात पर्यावरण शिक्षणाचे केंद्र आहे आणि तेथे तळ्याकडे तोंड करून दुर्बिणी लावलेल्या आहेत. शाळेची मुले येतात, पाहतात. तेथे पक्षी पाहणाऱ्यांचा एक गट भेटला. एक निवृत्त मास्तर, एक वायरमन, दोन कॉलेजच्या मुली. ताईची त्यांच्याशी आधीची ओळख. तिला पाहताच मास्तरांनी आपल्या थर्मासमधला चहा पुढे केला.

जगभर जानेवारीच्या मध्याला पाणपक्ष्यांची गणना होते. ही प्रथा १९६७ पासूनची. आशियात ती १९८७ मध्ये सुरू झाली आणि आपल्याकडेही होते. 'बर्डलाइफ सायप्रस' ही संस्था १९५७ आणि १९७० सालच्या दोन जुन्या पक्षिमंडळांच्या एकत्रीकरणातून २००३ मध्ये उभी राहिली. अशा मोजणीत आणि सहलींत तिचा पुढाकार असतो. मोजायची रीत सोपी आहे. आधी दहा पक्षी मोजायचे, ते डोळ्यांत बसवायचे, मग तेवढेच तेवढेच ठोकळे थव्यावरून पुढे सरकवत न्यायचे. थापट्या बदके, शाही चक्रवाक, वारकरी, गायबगळे असे वेगवेगळे रकाने. ताईचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले, पण तिची वही मास्तरांनी मागून घेतली आणि आपल्या आकड्यांशी ताडून पाहिली. वारकऱ्यांच्या आकड्यात चारांचा फरक निघाला. मास्तर पुन्हा दुर्बिणीला लागले.

जेवताना बोलणे निघाले ते मात्र जड होते. वायरमन म्हणाला, आता जे झुडपांत दिसतात त्यांची मोजणी वेगळीच आहे, ती मेलेल्यांची. सायप्रसमध्ये 'आंबेलोपूलिया' नावाचा पदार्थ आहे. ब्लॅककॅप नावाचा, जेमतेम वीस ग्रॅम वजनाचा गाणारा पक्षी. नराच्या डोक्यावर काळी टोपी. असे पक्षी उकडून किंवा तळून अख्खे खातात. त्यांना धरणे १९७४ पासून बेकायदा आहे. तरीही चोरून विकली जाणारी डझनाची एक ताटली चाळीस ते ऐंशी युरोला, म्हणजे आपल्या चार ते आठ हजार रुपयांना जाते. शरदात ब्लॅककॅप आणि हिवाळ्यात कस्तुराच्या जातीचे पक्षी, अशी ही पकड चालते.

पकडण्याची जुनी रीत ऐकून आम्ही चमकलो. आपल्या भोकराच्याच जातकुळीतल्या झाडाची फळे उकळून चिकट लासा करतात, तो काड्यांना फासतात आणि काड्या झुडपांत खोचतात. पाखरू बसले की पाय चिकटला, सुटायला फडफडले की पंख चिकटले. ज्या भोकराचे आपण लोणचे घालतो, ज्याच्या चिकाने शाळेत वह्यांना कागद डकवले, तेच हे! अलीकडे काड्यांपेक्षा न दिसणारी बारीक जाळी आणि रात्री पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती असा कारखानाच झाला होता. काड्या आणि जाळी निवडून मारत नाहीत. जो बसेल तो मेला. २०१५ च्या एका अहवालात बर्डलाइफने सायप्रसमध्ये वर्षाला सुमारे तेवीस लाख पक्षी असे मारले जातात, असा अंदाज दिला होता. इंग्रजांच्या धेकेलिया तळावर तर पक्षी उतरावेत म्हणून बाहेरची बाभूळ लावून, नळाने पाणी घालून जंगलेच वाढवली होती. २०१६ मध्ये ती तोडायला गेलेल्या सैनिकांना स्थानिकांनी अडवले. पुढे गुप्त कॅमेरे बसले, दंड वाढले आणि तळाच्या हद्दीत जाळ्यांचे प्रमाण बरेच खाली आले. पण डिसेंबर २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने पन्नासपर्यंत पक्ष्यांसाठीचा दंड दोन हजारांवरून दोनशे युरोवर आणला. एका संध्याकाळच्या विक्रीत तो भरून निघतो!

त्या रात्री ताई ज्यांची सेवा करते त्या आजींना आम्ही हे विचारले. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग ताईने त्यांचे बोलणे आम्हाला सांगितले. "माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. मटण वर्षातून एकदा, ईस्टरला. एरवी आई पाच-सहा पाखरे रश्शात टाकायची, आम्ही सहा भावंडे. विकायची कोणी नाही. आता जे खातात त्यांच्या घरात रोज मटण असते."

आम्हाला हे बोलणे फार खरे वाटले. ज्याच्या चुलीवर दुसरे काही नाही त्याचा घास आणि मोटारीतून येऊन ताटली मागवणाऱ्याची चैन, यांना एकाच नावाने परंपरा म्हणणे ही लबाडी आहे. आपल्याकडेही दोन तित्तर धरले म्हणून फासेपारध्याला पोलीस पकडतात. ढाब्यावर तित्तर मागणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही चौकीच्या वहीत लागत नाही. पाखरू वाचलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण दंड कोणाकडून घ्यायचा, हे नीट पाहावे लागेल.

"तुम्हाला अजून आवडतील का?" आम्ही आजींना विचारले. त्या हसल्या. दात नाहीत, असे त्यांनी खुणेने सांगितले. मग म्हणाल्या, बागेतल्या लिंबाच्या झाडावर रोज सकाळी एक येतो, काळ्या टोपीचा. तो आला की खुर्ची खिडकीशी सरकवायला त्या ताईला सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आलाच. आजी खिडकीशी, ताई त्यांच्या मागे, आम्ही दाराआड. पाखराने लिंबाची एक फांदी सोडून दुसरी धरली, चोच फांदीवर दोनदा घासली आणि शेजारच्या अंगणात उडून गेले. ताईने वही काढली, तारीख घातली, पुढे लिहिले, 'ब्लॅककॅप, नर, १', आणि आजींच्या औषधाची वेळ झाली म्हणून ती आत गेली.